उत्तरा फाल्गुनीपासून तीन बोटं ध्रुवाकडे: खेड्यात राहून कृष्णद्रव्याचा अभ्यास कसा करायचा

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. अशा रात्री नऊच्या सुमारास शाळेच्या मैदानात किंवा खळ्यावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. सिंह रास निम्म्याहून वर चढलेली असते. तिच्या शेपटीचा ठळक तारा म्हणजे उत्तरा फाल्गुनी. हात सरळ लांब करून मधली तीन बोटं जोडून धरा, ती साधारण पाच अंश झाकतात. उत्तरा फाल्गुनीपासून डावीकडे, ध्रुवाच्या बाजूला तेवढं अंतर मोजा.

तिथं काहीच दिसणार नाही. आमच्या सातवीतला एक पोरगा म्हणालाच, "मॅडम, इथं तं काईच नाई जी."

त्या रिकाम्या जागी एक निळी कडी आहे, घोड्याच्या नालेसारखी, एका बाजूला थोडी उघडी. २००७ मध्ये ती सापडली आणि तिला कॉस्मिक हॉर्सशू, म्हणजे घोड्याची नालच, असं नाव पडलं. ही कडी म्हणजे फार दूरची एक दीर्घिका, ताऱ्यांचा प्रचंड समूह. तिचा प्रकाश वाटेतल्या दुसऱ्या, तांबूस दीर्घिकेच्या वजनामुळे वाकून आपल्यापर्यंत पोचतो, म्हणून ती कडीसारखी दिसते. वाकण्यावरून वाटेतल्या दीर्घिकेचं वजन काढता येतं. ते तिच्या ताऱ्यांच्या वजनापेक्षा जास्त भरतं. हे जास्तीचं जे आहे, ते कृष्णद्रव्य.

मी यवतमाळ-वर्ध्याकडच्या एका खेड्यात विज्ञान शिकवते. आमच्याकडे मोठी दुर्बीण नाही, आणि नेटवर्क हवं तर पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं. तरी या विषयातलं बरंच काम इथून हातानं करता येतं. पोरांसोबत करून पाहिलेल्या पायऱ्या खाली दिल्या आहेत. आठवीपासून बीएस्सीपर्यंत कुणालाही त्या जमतील.

आधी थोडी पार्श्वभूमी

विश्वाच्या एकूण ऐवजात आपल्याला ओळखीचं द्रव्य, म्हणजे माती, पाणी, वायू, तारे, अवघं ५ टक्के आहे. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा. दोन्हींच्या नावात 'कृष्ण' असलं तरी दोघांची गल्लत करू नका. कृष्णद्रव्य ओढतं, गोळा होतं, त्याच्या गाठी बनतात. कृष्णऊर्जेमुळे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत चालला आहे. तिच्या गाठी होत नाहीत, ती सगळीकडे सारखी पसरलेली आहे असंच आजवरची निरीक्षणं सांगतात.

कृष्णद्रव्याची शंका १९३३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांना आली. कोमा नावाच्या दीर्घिका समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरत होत्या की दिसणाऱ्या वजनाच्या जोरावर तो समूह टिकायलाच नको होता. दीर्घिकाही भिंगासारखं काम करतील, हेही त्यांनीच १९३७ मध्ये सुचवलं. १९७० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांना दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगानं फिरताना दिसले. कृष्णऊर्जा पुढे आली १९९८ मध्ये, दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, मोजणीतून.

प्रकाश वाकतो याची पहिली मोठी तपासणी २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात झाली. सूर्याला घासून येणारा प्रकाश १.७५ विकला वाकेल, असं आइन्स्टाइन यांचं गणित होतं. पंचांगातल्या याच कला-विकला पुढे सारख्या लागतील: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. विकला किती बारीक? रुपयाचं नाणं साडेचार किलोमीटर लांब धरलं तर ते साधारण एक विकला दिसेल. आमच्या गावातून थेट फाट्यावरच्या माणसाच्या हातातलं नाणं.

पहिली पायरी: फुटका ग्लास

बिछायत केंद्रवाल्याकडे लग्नसराईत पायाचे ग्लास फुटतातच. वरचा पेला फुटलेला पण खालची चकती शाबूत असलेला एखादा मागून घ्या. दांडीची टोकदार कड मोठ्या माणसाकडून दगडावर घासून घ्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळा. चकती मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होत गेलेली हवी, म्हणजे ती वाटेतल्या दीर्घिकेसारखा प्रकाश वाकवते. सपाट चकतीचा उपयोग नाही.

अंधाऱ्या खोलीत आठ-दहा फुटांवर पणती लावा. दांडी पणतीकडे करून चकतीतून ज्योत बघा. ज्योत बरोबर दांडीच्या मागे आली की ती फुटून गोल कडी होते. चकती जराशी सरकवली की कडी तुटून दोन कमानी होतात, एक लांब आणि समोर एक आखूड. चकती किंचित कलती धरली तर चार ठिपके दिसतात. आकाशात हे तिन्ही प्रकार आहेत. जोडी १९७९ मध्ये सापडली, सप्तर्षींच्या भागातला जुळा क्वेसार (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र). चार ठिपक्यांचा आइन्स्टाइन क्रॉस १९८५ चा, भाद्रपदांच्या चौकोनाच्या भागात. आणि कडी आपण वर बोटांनी मोजली तीच.

चष्म्याच्या दुकानातलं भिंग इथं का चालत नाही, हे पोरांना विचारायला द्या. साध्या भिंगात कडेचा प्रकाश जास्त वाकतो आणि मधला सरळ जातो. गुरुत्वीय भिंगात, म्हणजे वजनानं प्रकाश वाकवणाऱ्या दीर्घिकेत, उलट असतं, मध्याजवळून जाणारा प्रकाश सगळ्यात जास्त वाकतो. म्हणून याला नाभी नसते, आणि प्रतिमा स्वच्छ उमटण्याऐवजी ताणून कमानी होतात. आणखी एक फरक वहीत ठळक लिहा: काच लाल-निळा प्रकाश वेगवेगळा वाकवते, गुरुत्वाकर्षण सगळे रंग सारखेच वाकवतं. म्हणून खऱ्या भिंगातल्या सगळ्या कमानींचा रंग एकच असतो. तिसऱ्या पायरीत हीच खूण कामी येते.

दुसरी पायरी: घोड्याच्या नालेचं वजन

इथं मोबाइल किंवा लॅपटॉप लागेल. 'लेगसी सर्व्हे स्काय ब्राउझर' शोधा. हा आकाशाचा फुकट नकाशा आहे, सरकवता येतो आणि मोठा करता येतो. शोधाच्या चौकटीत १७७.१३८ आणि १९.५०१ हे आकडे टाका. पहिला विषुवांश, दुसरा क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, दोन्ही अंशांत. जेवढं मोठं करता येईल तेवढं करा. मधोमध तांबूस-पिवळी दीर्घिका आणि भोवती निळसर नाल दिसेल. पहिल्यांदा दिसली तेव्हा आमची सगळी पोरं एका मोबाइलवर वाकली होती.

आता तिची रुंदी मोजा. पडद्यावर कुठंही चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, ती तुमची खूण. नकाशा सरकवून नालेची वरची कड खुणेखाली आणा आणि ब्राउझरच्या पत्त्यात दिसणारी क्रांती लिहून घ्या. मग खालची कड त्याच खुणेखाली आणा, पुन्हा लिहा. मोजताना झूम बदलू नका. दोन आकड्यांतला फरक गुणिले ३६०० म्हणजे विकलांमधला व्यास. पाच जणांनी वेगवेगळं मोजून सरासरी काढा. कडेच्या कुठल्या भागाला कड म्हणायचं यावर वाद होईल, तो होऊ द्या. कमानीच्या जाडीचा मध्य धरला की व्यास १० विकलांच्या आसपास येतो.

संशोधकांच्या मोजणीत त्रिज्या सुमारे ५.१ विकला आहे. सूत्र असं:

वजन = (त्रिज्या ÷ २.८५) चा वर्ग × अंतरांचा आकडा

उत्तर 'लाख कोटी सूर्य' या एककात येतं. अंतरांचा आकडा म्हणजे आपल्यापासून भिंगापर्यंतचं अंतर गुणिले आपल्यापासून मागच्या दीर्घिकेपर्यंतचं अंतर, भागिले त्या दोघांमधलं अंतर, सगळं अब्ज पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). नालेसाठी हे अंक १.१८, १.६८ आणि १.१८. म्हणून आकडा १.६८. ५.१ भागिले २.८५ म्हणजे १.७९, त्याचा वर्ग ३.२, गुणिले १.६८, उत्तर सुमारे ५.४. कडीच्या आत ५.४ लाख कोटी सूर्यांचं वजन आहे. ताऱ्यांच्या प्रकाशावरून काढलेलं वजन याला पुरत नाही.

हुशार पोरगी इथं अडते: १.६८ मधून १.१८ वजा केले तर ०.५ यायला हवेत, मग मधलं अंतर पुन्हा १.१८ कसं? प्रश्न बरोबर आहे. ही कोनीय अंतरं आहेत. प्रकाश वाटेत असताना विश्व पसरत गेलं, म्हणून ती साध्या वजाबाकीनं निघत नाहीत. पसरणं कोणत्या काळात किती होतं यावर ती ठरतात, आणि पसरण्याच्या वेगात कृष्णऊर्जेचा हात आहे. म्हणजे कृष्णद्रव्य मोजताना कृष्णऊर्जा सूत्रात आधीच शिरलेली असते. हे एकदा उमजलं की पाचवी पायरी सोपी जाते.

कडी किती मोठी यावर बरंच अवलंबून आहे. अवकाशातल्या युक्लिड दुर्बिणीला एनजीसी ६५०५ या जवळच्या दीर्घिकेभोवती एक कडी दिसली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती जाहीर झाली. दीर्घिका ५९ कोटी प्रकाशवर्षांवर, कडीची त्रिज्या फक्त अडीच विकला. तिच्या आतलं कृष्णद्रव्य निघालं ११ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या मधल्या भागात ताऱ्यांचीच गर्दी असते, कृष्णद्रव्याचा मोठा वाटा बाहेरच्या बाजूला पसरलेला असतो.

तिसरी पायरी: खऱ्या छायाचित्रांत भिंगं शोधणं

झुनिव्हर्स या संकेतस्थळावर स्पेस वॉर्प्स नावाचा उपक्रम आहे. २०१३ मध्ये तो सुरू झाला, आणि चालवणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञ अनुप्रीता मोरे आहेत. पहिल्या टप्प्यात हजारो सामान्य लोकांनी मिळून २९ नवी संभाव्य भिंगं शोधली, संगणकाच्या शोधातून ती निसटली होती. मार्च २०२५ मध्ये युक्लिडच्या पहिल्या माहितीतून सुमारे ५०० संभाव्य भिंगं जाहीर झाली. आधी संगणकानं छाननी केली, मग स्वयंसेवकांनी आणि शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी बघितलं. फेऱ्या सुरू-बंद होत असतात. फेरी चालू नसेल तर लेगसीच्या नकाशावर सराव करा.

बघताना मी पोरांना हे विचारायला लावते: मधली दीर्घिका गुबगुबीत, पिवळी-तांबूस आहे का? कमानीची खोलगट बाजू तिच्याकडे आहे का? समोरच्या बाजूला त्याच रंगाचा दुसरा तुकडा आहे का? फसवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सर्पिल दीर्घिकेचे हात. ते मध्याला जोडलेले असतात, भिंगाची कमान सुटी असते. उपक्रमात मधूनमधून मुद्दाम बनवलेली भिंगंही टाकतात, तुमचा डोळा किती तयार झाला ते त्यातून कळतं. चुकलं तर नाराज होऊ नका, 'नाही' हे उत्तरही त्यांना तितकंच लागतं. सूचना इंग्रजीत आहेत. मी त्या मराठीत लिहून भिंतीवर लावल्या आहेत.

चौथी पायरी: तांदळाचे चारशे दाणे

ही पायरी मला सगळ्यात जवळची आहे, आणि माझा आग्रह आहे की ती टाळू नका. कडी आणि कमानी फार क्वचित दिसतात. आकाशातली बहुतेक भिंगं इतकी कमजोर की मागची दीर्घिका फक्त एखादा टक्का ताणली जाते. एकेकट्या दीर्घिकेकडे बघून हे कळणं अशक्य, कारण तिचा मूळ आकार कुणाला माहीत? तुरीच्या शेतात प्रत्येक झाड आपापल्या मर्जीनं कललेलं असतं. एका झाडावरून वारा सांगता येत नाही, पण अख्खं शेत एका बाजूला कललेलं दिसलं तर सांगता येतो. शास्त्रज्ञ दीर्घिकांचं असंच शेत वाचतात.

लांब दाण्याच्या तांदळाचे चारशे दाणे मोजून घ्या. काळं कापड पसरा. दाणे उंचावरून, हात न फिरवता, थोडे थोडे टाका. बरोबर वरून फोटो काढा. आता प्रत्येक दाणा बघा, आडव्याकडे जास्त कललेला आहे की उभ्याकडे? ४५ अंशांची सीमा. प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर सीमारेषा आखून घेतली तर काम सोपं होतं. आडवे साधारण दोनशे येतील, पण बरोबर दोनशे नाही. निव्वळ योगायोगानं दहा-एक कमीजास्त होणारच.

मग संगणकावर फोटोची रुंदी १३० टक्के करा, उंची तशीच ठेवा. पुन्हा मोजा. आता आडवे सुमारे २३३ यायला हवेत. योगायोगाची चढउतार दहाची आणि वाढ तेहतीसची, म्हणजे ताण पकडला गेला. हेच शंभर दाण्यांवर करा: ५० चे ५८ होतील आणि चढउतार पाचची. आता खात्री देता येत नाही. पोरांना आकड्यांची ताकद इथं कळते.

आता कागदावर पुढचं गणित करा. ताण एकच टक्का असेल तर? एक लाख दाण्यांत आडवे फक्त ३२० च्या आसपास वाढतील आणि चढउतार असेल १६० ची. दहा लाखांत वाढ ३,२०० आणि चढउतार ५००. म्हणून या कामाला कोट्यवधी दीर्घिका लागतात. खोलीत आपल्याकडे ताणण्याआधीचा फोटो असतो, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. आकाशाचा 'आधीचा' फोटो कुणाकडेच नाही.

चुकाही मुद्दाम करून बघा. फोटो तिरका काढा आणि मोजा. काहीही न ताणता ताण सापडेल. खऱ्या दुर्बिणीतही आरसा आणि हवा चित्र विकृत करतात. तारे ठिपक्यासारखेच दिसायला हवेत हे माहीत असल्यानं त्यांचा आकार बघून शास्त्रज्ञ ही विकृती काढून टाकतात. तुम्ही तांदळात मोहरीचे काही दाणे टाका. मोहरी गोल असते, फोटोत ती लांबट दिसली तर चूक कॅमेऱ्याची. दुसरी चूक: दाणे हात ओढत पसरवा. हाताच्या दिशेनं सगळे लोळतात. एकाच ठिकाणी वाढलेल्या दीर्घिकाही शेजारच्या ओढीनं अशा एका दिशेला लागलेल्या असतात, आणि तो खोटा ताण वेगळा काढणं हे या क्षेत्रातलं खरोखर अवघड काम आहे.

या पद्धतीनं काढलेल्या नकाशांत मला सगळ्यात पटणारा बुलेट समूहाचा, २००६ चा. दोन दीर्घिका समूह एकमेकांतून आरपार गेले. त्यांच्यातला तापलेला वायू एकमेकांवर आदळून मागे राहिला, आणि समूहातलं ओळखीचं द्रव्य बहुतांशी या वायूतच असतं. पण पार्श्वभूमीच्या दीर्घिकांचा ताण मोजला तेव्हा वजन भरलं वायूपासून वेगळ्या जागी, दीर्घिकांसोबत पुढे निघून गेलेलं. गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडा बदलून सगळं जुळवू, असं म्हणणाऱ्यांना हे चित्र फार जड जातं.

पाचवी पायरी: कृष्णऊर्जेकडे

प्रयोग कमी, विचार जास्त. मागच्या दीर्घिकांचे अंतरानुसार गट करा: जवळच्या, मधल्या, दूरच्या. प्रत्येक गटाचा ताण वेगळा मोजा. दूरच्या गटाचा प्रकाश जुन्या काळातल्या गाठींतूनही येतो. गट एकमेकांशी ताडून बघितले की कृष्णद्रव्याच्या गाठी कोणत्या काळात किती वाढल्या हे कळतं. विश्वाचं पसरणं वेगावलं की गाठी जमण्याचा वेग मंदावतो. म्हणजे गाठींची वाढ हीच कृष्णऊर्जेची नोंदवही.

डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-पाहणीनं हेच केलं. चिलीतल्या ४ मीटर दुर्बिणीवर ५७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा, २०१३ ते २०१९ अशा सहा वर्षांत ७५८ रात्री, ५,००० चौरस अंश आकाश. १ जुलै २०२३ ला अवकाशात गेलेली युक्लिड सुमारे १४,००० चौरस अंश बघणार आहे. व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली, तिचा आरसा ८.४ मीटरचा.

दुसरी वाट वेळेची. जुळ्या क्वेसारची एक प्रतिमा चमकली की दुसरी ४१७ दिवसांनी तशीच चमकते, कारण दोन वाटांची लांबी सारखी नाही. या फरकावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो, हे सुर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच सांगितलं होतं. २०१९ मध्ये सहा भिंगांवरून हा वेग ७३.३ आला. विश्वातला सगळ्यात जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून येतो ६७.४. एकक दोन्हीकडे किलोमीटर प्रतिसेकंद प्रति दशलक्ष पार्सेक. हा फरक अजून सुटलेला नाही, आणि बीएस्सीतल्या कुणाला खरा, जिवंत प्रश्न हवा असेल तर तो हा आहे.

पुढे जायचं असेल तर

अकरावी-बारावीला संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नका. पायथॉन शिकायला लॅपटॉप नसला तरी गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरवर उघडतं. तांदळाचा प्रयोग तिथं दहा लाख दाण्यांवर करून बघा, दहा-बारा ओळींचं काम आहे. मग लेन्स्ट्रॉनॉमी या फुकट प्रणालीकडे वळा, तिच्यात भिंगं बनवता आणि सोडवता येतात. बीएस्सी भौतिकशास्त्रानंतर एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा, आणि पुढे आयुकासारख्या संस्था.

दुर्बीण या विषयासाठी विकत घेऊ नका. जुळा क्वेसार दिसायलाही मोठा आरसा लागतो. पैसे असतील तर चांगली द्विनेत्री घ्या आणि नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पोरांना दाखवा. अंधार तर आपल्याकडे भरपूर आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. देवळाच्या कळसावरचा हॅलोजन रात्री नऊनंतर बंद ठेवता येईल का, हे ग्रामसभेत विचारून बघा. आमच्याकडे आता अमावास्येला तरी ठेवतात.

वहीत प्रत्येक मोजणीसोबत तारीख, मोजणाऱ्याचं नाव आणि न जुळलेला आकडाही लिहा. खाडाखोड करू नका, चूक वाटली तर आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहा. तांदूळ नंतर निवडून डब्यात परत टाका, मोहरी वेगळी करायला चाळणी लागेल.